अनादराचं कारण

त्या बुधवारी सकाळी अकराच्या आत आईनं एकोणचाळीस सह्या केल्या. मी मोजल्या, कारण सही झाली की ती कागद माझ्या टेबलाकडे सरकवायची.

“ही बघ. हिच्यात काय खोट आहे?”

“काही नाही.”

“आणि हिच्यात?”

“आई, मला प्रबंधाची पानं काढायचीत.”

“काढ की. मी काय तुझा हात धरलाय? माझा मलाच धरता येईना, म्हणून तर हे चाललंय.”

आमचा गाळा तासगावच्या कोर्टासमोर होता. पत्र्याचा, दहा बाय आठ, वर ‘शिखरे टायपिंग’ अशी पाटी. एका भिंतीला आईचा मराठी टाइपरायटर, दुसऱ्या भिंतीला माझा संगणक आणि प्रिंटर. आईचं नाव वत्सला, पण कोर्टाच्या आवारात सगळे तिला टायपिस्टबाईच म्हणत. बाबा गेल्यापासून तीस वर्षं ती दावे, प्रतिज्ञापत्रं आणि नोटिसा टाइप करत आली होती. वकील दारातूनच ओरडायचे, “बाई, एकशे अडतीसची एक!” आई फक्त नाव, रक्कम, तारीख विचारायची आणि चेक न वटल्याची अख्खी नोटीस समोर न बघता मारून द्यायची. मजकूर तिला आरतीसारखा पाठ होता.

मी नवऱ्याकडून परत आल्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती आणि संगणकासाठी कर्ज काढल्याला दीड. कर्ज आईच्या नावावर. एका खाजगी फायनान्स कंपनीला तिनं पुढच्या तारखांचे चोवीस चेक सही करून दिले होते, दोन हजार चारशे पन्नासचा एक. सोळा चेक वटले. सतरावा परत आला.

तो का परत आला, हे सांगणारं बँकेचं पत्र माझ्या हातात पडलं होतं. आईनं विचारलं, “का गं परत?” मी म्हटलं, “सही जुळली नाही म्हणतात.”

हे खोटं होतं. सही जुळत होती, खात्यात पैसे नव्हते. खातं दोघींचं होतं. विट्याचं एक वाचनालय बंद पडलं आणि त्यांनी चारशे पुस्तकं एकगठ्ठा विकायला काढली. चार हजारांत. चारशे पुस्तकं पाहिल्यावर माझ्यासारख्या बाईचं जे होतं ते झालं. एका प्रबंधाच्या टायपिंगचे पैसे चार तारखेला येणार होते, ते मी खात्यात टाकणार होते आणि कुणाला काही कळणार नव्हतं. पैसे आले नऊ तारखेला. चेक लागला पाच तारखेला. आईला मी सांगितलं होतं, पुस्तकं रद्दीवाल्याकडून जवळजवळ फुकट मिळाली. त्यातलं एक जाड प्रवासवर्णन तिनं वाचायला घेतलं होतं आणि फुकटाच्या मानानं बरं आहे, असा दाखलाही दिला होता.

तिचा उजवा हात वर्षभर थरथरत होता, म्हणून सहीचं कारण मला चटकन सुचलं. पत्र इंग्रजीत होतं. आईचं इंग्रजी सातवीपुरतं, तेही इतकी वर्षं मराठी मशीनवर बसून गंजलेलं. तिनं लगेच विश्वास ठेवला. खरं सांगणं पहिल्या दिवशी सोपं होतं. पाचव्या दिवशी, एवढ्या सह्या झाल्यावर, ते सोपं राहिलं नव्हतं.

“चाळिसावी,” आई म्हणाली. तेवढ्यात दारात सावली पडली.

“मावशी, हायसा का?”

रणजित खाडे. फायनान्स कंपनीचा वसुलीवाला. चाळिशीचा, पोट सुटलेला, हेल्मेट कोपरात अडकवलेलं. कंपनीनं धमकवायला ठेवलेला, पण आवाज भजनात मागं टाळ धरणाऱ्या माणसाचा.

“मी कुठं जाणार? बस.”

“बसत न्हाई. तीन हजार साडेपाचशे तेवढं द्या, निघतो. मणेराजुरीला जायचंय अजून.”

“चेक चोवीसशे पन्नासचा होता.”

“त्याला आकार लागत्यात की.”

“कुठले? एकेक सांग.” आईनं चष्मा चढवला.

“चेक बाउन्सचं साडेतीनशे. भेट आकार अडीचशे. नोटीस खर्च पाचशे.”

“भेट आकार म्हणजे काय?”

“म्हंजे, मी आलो न्हवं का.”

“मी बोलावलं होतं?”

“न्हाई...”

“मग भेट तुझी. आकार तू द्यायचास.”

खाडे बसला. आईनं खणातून करारनामा काढला. बारा पानं, मराठी प्रत. कर्ज घेताना तिनं ती मुद्दाम मागून घेतली होती आणि सगळी वाचूनच सही केली होती. त्यापायी कंपनीच्या माणसाची एस.टी. चुकली होती.

“कलम नऊ. ‘धनादेश न वटल्यास प्रति धनादेश रुपये तीनशे पन्नास.’ हे मान्य. माझी सही आहे खाली. आता भेटीचं कलम दाखव.”

खाडेनं दोन पानं उलटल्यासारखं केलं. “ते वरनं येतंय, मावशी. कम्प्युटरमधनं.”

“कम्प्युटर आमच्याकडे पण आहे. उज्जू, खाडेच्या नावावर दहा हजार काढ गं.”

“आओ मावशी!”

“मग? कर्ज देताना जे आकार लेखी कळवले नाहीत, ते मागाहून लावता येत नाहीत. हे मी नाही म्हणत, रिझर्व्ह बँकेनं सांगितलंय तुमच्यासारख्या कंपन्यांना. त्यावरच्या तीन तक्रारी ह्याच मशीनवर मारल्यात मी. आता नोटीस खर्च. नोटीस कुठाय?”

“पाठवायची हाय.”

“न पाठवलेल्या नोटिशीचा खर्च? अरे, बारशाआधी पोराची शाळेची फी मागायला निघालास होय?”

मला हसू आलं. ते लपवायला मी प्रिंटरमध्ये कागद घालायला लागले.

“आणि पाठवलीत, तर तीत चेकची रक्कम वेगळी दाखवा. आकार, खर्च, सगळं एकात कालवून मागितलं की कोर्टात नोटीस लंगडी पडते. हे फुकट सांगतेय. समोरच्या झाडाखालचे वकील ह्याचे दोनशे घेतात.”

“तुमी वकीलच व्हायला पायजे हुता.”

“वकील असते तर तू एवढा वेळ बसला नसतास. घड्याळ बघ. वीस मिनिटं झाली. वारसाच्या दाखल्याचे दोघं जण दारातूनच माघारी गेले, त्यांना वाटलं माझ्यावर जप्ती आली. त्यांचा आकार कुणाच्या नावावर घालू?”

खाडेनं रुमालानं मान पुसली. “बरं मावशी. चोवीसशे पन्नास आन् साडेतीनशे. अठ्ठावीसशे द्या. बाकीचं मी वर लिवून पाठवतो. पन लिवायचं कसं, तेवढं सांगा.”

आईनं सांगितलं, खाडेनं पावतीपुस्तकाच्या मागं लिहून घेतलं. मग तिनं चष्मा काढला आणि पदरानं पुसत म्हणाली, “पैशाचं जाऊ दे. तुमच्या रजिस्टरला माझ्या नावापुढे काय लिहिलंय?”

“बाउन्स.”

“बाउन्स चेंडू होतो. चेकचा अनादर होतो. ‘सदर धनादेशाचा अनादर झाला.’ तीस वर्षं दुसऱ्यांच्या नावापुढे मारलाय मी हा शब्द. एकदाही हात अडला नाही. आता स्वतःच्या नावापुढे लागला, तर झोप येईना झालीय. पैसे नसताना चेक देणं ही लबाडी. हात थरथरणं हे वय. दोन्हींना एकच शब्द, हा कुठला न्याय?”

खाडेनं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या फायलीत बँकेच्या मेमोची, म्हणजे चेक का परत आला त्या चिठ्ठीची, झेरॉक्स असणार. त्याला कारण माहीत होतं.

“मेमो आहे ना तुझ्याकडे? दाखव बघू,” आई म्हणाली.

“मी चहा सांगून येते,” मी म्हणाले आणि उठले.

चहाचा गाडा रस्त्यापलीकडे होता. तिथून आमच्या गाळ्याचं दार दिसत होतं, आतलं काही दिसत नव्हतं. चहा झाला तरी मी उभी राहिले. गाडेवाला म्हणाला, “ताई, निवला की. परत गरम करू?” मी म्हटलं कर. मनात म्हटलं, खाडेनं वाचून दाखवावं. माझं काम परस्पर होईल. मग म्हटलं, नको, खाडेच्या तोंडून नको.

तीन ग्लास घेऊन परत आले तेव्हा आतून टाइपरायटरचा आवाज येत होता. खाडे पावती फाडत होता. आई टाइप करत होती आणि तिचा चेहरा नेहमीसारखा होता.

“काय लिहिलंय मेमोत?” मी विचारलं. विचारावंच लागलं.

“इंग्रजी आहे सगळं,” मशीन न थांबवता आई म्हणाली. “तू सांगितलंस तेच असणार.”

खाडे चहाच्या ग्लासात बघत होता.

आईनं कागद ओढून काढला. “बँकेला अर्ज केलाय. ऐक. ‘स्वाक्षरी न जुळल्याने सदर धनादेशाचा अनादर झाला असे समजते. तरी माझी स्वाक्षरी नमुन्याशी ताडून पाहावी व अनादराचे खरे कारण लेखी कळवावे, ही विनंती.’ ठीक आहे ना?”

“ठीक आहे.”

“‘खरे’ हा शब्द जास्तीचा वाटतो का?”

“नाही.”

“मग राहू दे. खाडे, जाता जाता एवढा बँकेत टाक आणि शिक्क्याची पोच दुपारी आणून दे. तुझ्या भेटीचा आकार असा वळता झाला. उज्जू, उद्या अकराला तू आणि मी बँकेत जाऊ. साहेबांना समक्ष भेटू.”

खाडे उठला. दारात हेल्मेट घालता घालता थांबला, काढलं, परत घातलं. “येतो, ताई,” एवढंच म्हणाला.

दुपारी वकिलांची गर्दी झाली. आईनं एक खरेदीखत, दोन प्रतिज्ञापत्रं मारली. एका म्हाताऱ्याला वय विचारलं, तो म्हणाला सत्तर. आई म्हणाली, “मागच्या वर्षी अडुसष्ट सांगितलं होतंत. असं धावत कुठं निघालात?” सहाला आम्ही मशीनवर कापड टाकलं. आईनं दार ओढलं आणि कुलूप हातात धरून थांबली.

“काही राहिलं का गं आत?”

“नाही.”

“बघ नीट.”

“नाही, आई.”

“बरं. उद्या बघू.”

येताना तिनं मेथीवालीशी दोन रुपयांवरून भांडण काढलं, जिंकली, आणि मग तिच्या नातवाच्या हातावर पाच रुपये ठेवले. मी तिच्या मागं पिशवी घेऊन चालत होते आणि ठरवत होते. उद्या बँकेच्या वाटेवर सांगायचं. वाट दहा मिनिटांची. पहिली दोन वाक्यं मी तयारही करून ठेवली.

गुरुवारी पहाटे साडेपाचला आई उठली. बंब पेटवला, बादली लावली आणि न्हाणीच्या उंबऱ्यावर बसली. मला हाक मारली नाही. डॉक्टर म्हणाले, हाक मारण्याइतका वेळच नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेले. खात्यावरचं आईचं नाव कमी करायचं होतं. त्याला आता अकरा वर्षं झाली, पण त्या दिवशी कोण कुठं बसलं होतं ते मला अजून सांगता येईल. पेन्शनची रांग होती. रोखपालाशेजारी नोटा मोजायचं मशीन भुर्रर्र करत होतं. पलीकडे हुक्केरीसाहेब, निवृत्तीला आलेले, डाव्या कानानं कमी ऐकणारे. त्यांनी मला बाकाकडे हात केला. बाकावर खाडे होता, मांडीवर हेल्मेट, हातात भरण्याची स्लिप.

तो उभा राहिला. “मावशींचं कळालं. यायला पायजे हुतं मी. पन आमी दारात आलो की लोकांना वेगळंच वाटतंय.”

“बसा,” मी म्हणाले.

“ते भेट आकार आन् नोटीस खर्च, दोन्ही निघालं बगा. वरनं लेखी आलंय. मावशींनी सांगितलं तसंच्या तसं लिवलं हुतं मी.” त्यानं कागद माझ्या हातात दिला. मग हेल्मेटची काच दोनदा वर-खाली केली. “ताई, एक सांगू का? राग मानू नगा. मेमो मी त्यास्नी दाखवला हुता. तुमी चहाला गेला तवा.”

“तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं.”

“मला पन तसंच वाटलं. म्हणलं, वाचून दावतो. तर हसल्या. म्हणाल्या, ‘फंड्स इन्सफिशियंट. ह्या दोन शब्दांवर तीस वर्षं पोट भरलंय मी. नोटिशीसोबत मेमो माझ्याच टेबलावर येतो. आणि मला हे वाचता येत नाहीत होय?’”

मशीन थांबलं आणि परत सुरू झालं.

“मी इचारलं, मग सहीचा अर्ज कशाला मारताय? तर म्हणाल्या, ‘हा बँकेला नाही, उज्जूला आहे. आत्ता विचारलं तर ती आणखी एक खोटं बोलेल आणि मग ते सांभाळत बसेल. कागद पुढं गेला की माणूस आपणहून खरं बोलतं. घाई नाही मला. चेक बुडवणाऱ्यालासुद्धा कायदा पंधरा दिवस देतो.’” खाडेनं आवाज खाली आणला. “रागात न्हवत्या हो. खरंच न्हवत्या. मलाच म्हणाल्या, ‘तू मधी बोलायचं नाहीस, खाडे. तुझा आकार कापीन.’”

तेव्हा मला आठवलं. मी चहा घेऊन परत आले, त्यानंतर दिवसभरात, अर्जावरची सोडली तर, आईनं एकही सही केली नव्हती. आणि मला त्यानं हायसं वाटलं होतं.

“शिखरे!” हुक्केरीसाहेबांनी हाक मारली.

मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन बसले. त्यांनी मृत्यूचा दाखला पाहिला, दोन ठिकाणी माझ्या सह्या घेतल्या, फार चांगली बाई होती म्हणाले. मग ट्रेमधून एक पत्र काढलं.

“आईंच्या अर्जाचं उत्तर तयार होऊन पडलंय. आता द्यायचं कुणाला, हा प्रश्न होता. तुम्ही पोच द्या, म्हणजे फाईल बंद करता येईल.”

मी वाचलं. श्रीमती वत्सला शिखरे यांस. ‘आपण नमूद केलेले कारण वस्तुस्थितीस धरून नाही. धनादेशावरील आपली स्वाक्षरी बँकेतील नमुन्याशी जुळते. धनादेशाचा अनादर खात्यात पुरेशी शिल्लक नसल्याने झाला आहे.’ जावक क्रमांक, तारीख, गोल शिक्का. एकही शब्द चुकीचा नव्हता. आणि हा कागद फायलीला लागला की माझी आई कायमची खोटी ठरत होती.

“हे असं लावू नका फायलीला,” मी म्हणाले.

“का? काही चूक आहे का?”

“मजकूर बरोबर आहे. पण सहीचं ते कारण आईचं नव्हतं.”

“मग कुणाचं?”

मी सांगितलं. पण माझा आवाज मलाच जेमतेम ऐकू आला.

“काय? अहो, मोठ्यानं बोला. ह्या मशीनपुढं काही ऐकायला येत नाही मला.”

खाडे बाकावरून उठून उभा राहिला होता. मशीनमधलं बंडल संपलं, रोखपालानं दुसरं लावायला हात पुढे केला आणि माझ्याकडे बघत तसाच ठेवला.

“माझं,” मी म्हणाले. “आईची सही बरोबर होती, साहेब. सगळ्याच बरोबर होत्या. पैसे मी काढले होते, तिला न विचारता, पुस्तकं घ्यायला. आणि तुझी सही जुळत नाही, असं मी तिला खोटं सांगितलं.”